वेगवान गाडीचा रोजचा संसार

लॅम्बोर्गिनीची काउंटाश १९७४ साली विक्रीला आली, तेव्हा तिच्याइतकी देखणी गाडी रस्त्यावर दुसरी नसावी. जमिनीला खेटून पसरलेली, धारदार कडांची, दरवाजे वर उघडणारी. पण ही गाडी मागे घ्यायची वेळ आली की चालकाची परीक्षा सुरू व्हायची. मागच्या काचेतून जवळपास काहीच दिसत नसे. मग सराईत चालक दरवाजा वर उचलायचा, सीटवरून सरकून दाराच्या रुंद उंबऱ्यावर बसायचा आणि अर्धे अंग बाहेर काढून मान मागे वळवायचा. एक हात स्टीअरिंगवर, पाय कसेबसे पेडलवर, आणि अशा अवस्थेत गाडी इंचाइंचाने मागे जायची. असे वर उघडणारे दरवाजे मार्चेल्लो गांदिनी या डिझाइनरने १९६८च्या अल्फा रोमिओ काराबो या प्रायोगिक गाडीत आणले होते. काउंटाशवर ते आले त्यामागे दिमाखाबरोबर ही मागे पाहण्याची सोयही होती.

काउंटाशच्या काचा पूर्ण खाली जात नसत, आतली हवा तापायची, क्लच दाबून पोटऱ्या भरून यायच्या. घेणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. वेग हवा तर त्रास सोसायचा, असा त्या काळचा अलिखित करारच होता. वेगवान गाडी रविवारची आणि साधी गाडी सोमवार ते शनिवारची, अशी वाटणी बहुतेकांनी मान्य केली होती. आजही आपल्याकडे स्पोर्ट्स कारविषयी बोलताना लोक हेच धरून चालतात. कुणी कोटींची गाडी घेऊन रोज ऑफिसला जातो म्हटले की पहिली प्रतिक्रिया येते, ‘इतकी महाग गाडी आणि ट्रॅफिकमध्ये?’

माझे म्हणणे याच्या उलट आहे. रोज चालवता येते तीच खरी उत्तम स्पोर्ट्स कार, आणि ती घेतलेल्या माणसाने ती रोज चालवावी. हे म्हणणे हौसेपोटी केलेले नाही. त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातले सर्वात मोठे वळण इटलीत किंवा जर्मनीत नव्हे, तर जपानमध्ये आले.

तोचिगीची गाडी

ऐंशीच्या दशकात होंडा ही कंपनी जगाला मोटारसायकली आणि सिव्हिक, अकॉर्डसारख्या भरवशाच्या घरगुती गाड्यांसाठी माहीत होती. फॉर्म्युला वनमध्ये तिची इंजिने जिंकत होती. १९८४ साली पिनिनफारिना या इटालियन डिझाइन संस्थेच्या साथीने तिने मधोमध इंजिन असलेली एचपी-एक्स ही प्रायोगिक गाडी दाखवली. त्यातून पुढे एक धाडसी उद्दिष्ट ठरले. फेरारीच्या तोडीची गाडी बनवायची, पण ती चालवायला, सांभाळायला आणि भरवसा ठेवायला होंडासारखी असली पाहिजे. या कामाची सूत्रे शिगेरू उएहारा या अभियंत्याकडे होती.

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली आणि पुढच्या वर्षी विक्रीला लागली. नाव एनएसएक्स. तिची संपूर्ण मोनोकॉक (सांगाडा आणि कवच एकत्र असलेली) बॉडी ॲल्युमिनियमची होती. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीत असे याआधी कुणी केले नव्हते. पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरल्याने एकट्या बॉडीचे वजन सुमारे १४० किलोंनी घटले. सीटच्या मागे आडवे बसवलेले २,९७७ सीसीचे व्ही-६ इंजिन, त्यात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, आणि मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जाण्याची तयारी. कागदावर हे सगळे शर्यतीच्या गाडीचे साहित्य होते.

पण या गाडीचे मोठेपण समजायचे तर आत बसून पाहिले पाहिजे. डिझाइनरांनी एफ-१६ या लढाऊ विमानाची काचेची घुमटी नजरेसमोर ठेवली होती. केबिन पुढे सरकवलेली, समोरची काच खाली उतरत गेलेली, काचेभोवतीचे खांब बारीक. चालकाला रस्ता अगदी बॉनेटच्या टोकाजवळून दिसतो आणि मान वळवली की मागचाही बराचसा दिसतो. एसी, विजेवर सरकणारी कातडी सीट, एबीएस, निसरड्या रस्त्यावर चाक फिरू न देणारी यंत्रणा, हवे तर ऑटोमॅटिक गिअर, सगळे होते. इंजिनाच्या मागे गोल्फची पिशवी मावेल एवढी डिकी होती. काउंटाशच्या उंबऱ्यावर बसून मान मोडणाऱ्या चालकाला जे पंधरा वर्षे कुणी दिले नव्हते, ते इथे फार गाजावाजा न करता देऊन टाकले होते.

ही गाडी अशी घडली ती भरपूर चाचण्यांमुळे. फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेना याने सुझुका ट्रॅकवर सुरुवातीची गाडी चालवून पाहिली तेव्हा ती त्याला थोडी नाजूक वाटली. होंडाचे लोक जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग ट्रॅकवर जाऊन बसले, आणि गाडीचा ताठपणा सुमारे ५० टक्क्यांनी वाढवूनच ते परतले. उत्पादनासाठी तोचिगी प्रांतात ताकानेझावा इथे स्वतंत्र कारखाना उभा राहिला. तिथे सुमारे दोनशे निवडक कामगार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना जुळणीच्या कामाचा दहा वर्षांहून अधिक अनुभव होता. १९९३पासून कंपनीने जुन्या एनएसएक्स परत कारखान्यात आणून नव्यासारख्या करून देण्याची ‘रिफ्रेश’ योजनाही सुरू केली. मालक गाडी भरपूर चालवणार, ती झिजणार, आणि मग ती नीट करून द्यावी लागणार, हे कंपनीने गृहीत धरले होते.

त्याच काळातल्या फेरारी ३४८चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर आख्खे इंजिन खाली उतरवावे लागे. एनएसएक्समध्ये ते काम इंजिन जागेवर ठेवून होते. गाडी रोजच्या वापराची आहे की नाही हे बऱ्याचदा अशा ठिकाणी ठरते. किती सेकंदांत शंभर गाठते हे माहितीपत्रकात छापलेले असते; बेल्ट बदलायला मेकॅनिकला किती दिवस लागतात हे मालकाला दोन-तीन वर्षांनी कळते.

पहिल्या पिढीच्या एनएसएक्सचे उत्पादन २००५ साली थांबले. तोवर अठरा हजारांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. अमेरिकेत एका मालकाची एनएसएक्स रोजच्या वापरात चार लाख मैलांच्या पुढे गेली, म्हणजे जवळपास साडेसहा लाख किलोमीटर. आपल्याकडे एखादी टॅक्सी इतकी चालली तरी लोक तिचे कौतुक करतील.

गॉर्डन मरे यांनी काय पाहिले

मॅक्लारेन एफ-१ ही गाडी १९९२ साली जगासमोर आली. फक्त १०६ गाड्या बनल्या, पण पुढची कित्येक वर्षे ती जगातली सर्वात वेगवान गाडी होती. १९९८ साली तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग नोंदवला. तिचे जनक गॉर्डन मरे. गाडीचा आराखडा करताना त्यांनी फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी सगळ्यांच्या गाड्या चालवून पाहिल्या होत्या. तोचिगीला होंडाच्या संशोधन केंद्रात त्यांनी एनएसएक्स चालवली, आणि आधीचे सगळे मापदंड मनातून पुसले गेले, असे त्यांनी नंतर स्वतः लिहिले आहे. एफ-१चे हाताळणे आणि बसणाऱ्याला मिळणारा आराम यांचे लक्ष्य म्हणून त्यांनी एनएसएक्स समोर ठेवली. इंजिन होंडाकडूनच घ्यायचे त्यांच्या मनात होते, पण होंडाने ते दिले नाही आणि बीएमडब्ल्यूचे बसले. मरे यांनी स्वतःसाठीही एनएसएक्स घेतली आणि ती सुमारे सात वर्षे चालवली.

जगातली सर्वात वेगवान गाडी बनवणाऱ्या माणसाला तिच्या निम्म्याहूनही कमी ताकदीची गाडी इतकी का भावली? वेग मिळवणे त्यांना अवघड नव्हते. अवघड होते ते वेग आणि सहजता एकाच गाडीत बसवणे. म्हणूनच एफ-१मध्येही त्यांनी एसी दिला, दोन्ही बाजूंना सामानाचे कप्पे दिले, चालकाला मधोमध बसवून दोन्हीकडचा रस्ता दाखवला. शर्यतीच्या दुनियेत आयुष्य घालवलेल्या माणसाने सामान कुठे ठेवायचे याचा विचार केला, कारण गाडी घरून निघून कुठेतरी पोहोचण्यासाठी असते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

साठ वर्षांचा भरवसा

होंडाच्या आधीही एक गाडी हे व्रत पाळत आली होती. पोर्शेची ९११ सप्टेंबर १९६३मध्ये फ्रँकफर्टला पहिल्यांदा दिसली. तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्युजोने हक्क सांगितला म्हणून ते ९११ झाले. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. पुढे सामानाची जागा. मागे दोन छोट्या सीट, मोठ्या माणसाला अडचणीच्या, पण शाळकरी पोरांना पुरणाऱ्या. दरवाजे साध्या गाडीसारखे उघडणारे, काचा उभट, बाहेरचे सगळे दिसणारे. साठ वर्षांत इंजिन हवेवरून पाण्यावर थंड होऊ लागले, गाडी रुंद झाली, पण हा सांगाडा बदलला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही गाडी बंद करायचे जवळपास ठरले होते. १९८१ साली पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. मुख्य अभियंता हेल्मुट बोट यांच्या कार्यालयातल्या भिंतीवर पुढच्या वर्षांचा तक्ता होता. ९२८ आणि ९४४ या गाड्यांच्या रेषा पुढे जात होत्या आणि ९११ची रेषा १९८१लाच संपत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेषा तक्त्याच्या कडेपर्यंत, पुढे भिंतीवर ओढत नेली. गाडी वाचली. २०१७ साली दहा लाखावी ९११ कारखान्याबाहेर पडली.

या दहा लाखांच्या आकड्यामागे शर्यतीचे शौकीन थोडे आणि रोज गाडी वापरणारे डॉक्टर, वकील, व्यापारी जास्त आहेत. जर्मनीत बर्फ पडलेल्या सकाळी कामावर जाणारी ९११ कुणाला नवलाची वाटत नाही. याच सांगाड्याच्या गाड्यांनी १९८४ साली वाळवंटातली पॅरिस-डकार शर्यतही जिंकली. गाडी रोज वापरली गेली की तिच्या खोडी कळतात, कळल्या की दुरुस्त होतात, आणि पुढची गाडी आधीच्यापेक्षा शहाणी निघते. ९११ची साठ वर्षे म्हणजे मालकांनी रोज केलेल्या चाचण्याच आहेत.

उभी गाडी खराब होते

आता तळहाताच्या फोडासारखी जपलेली, पांघरूण घालून ठेवलेली गाडी पाहू. बाहेरून ती चकाकत असते. आत काय चालते?

बॅटरीपासून सुरुवात करू. आधुनिक गाडी बंद असली तरी अलार्म, कुलपे आणि संगणक जागे असतात. काही आठवड्यांत बॅटरी बसते. म्हणून अशा गाड्यांच्या मालकांना गॅरेजमध्ये कायमची चार्जरची वायर जोडून ठेवावी लागते. टायरचे तसेच. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की टायरचा टेकलेला भाग चपटा होतो आणि निघाल्यावर गाडी थरथरते. वरचे काटे नवेकोरे दिसतात, पण रबर वर्षांगणिक कडक होत जाते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. १२१७ म्हणजे २०१७च्या बाराव्या आठवड्यात बनलेला टायर. सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघायला जाणाऱ्याने किलोमीटरचा आकडा वाचण्याआधी खाली वाकून ही खूण वाचावी. पाच हजार किलोमीटर चाललेली आणि आठ वर्षांचे टायर असलेली गाडी ओल्या रस्त्यावर धोकादायक असते.

पेट्रोलही शिळे होते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. टाकीत चार-सहा महिने पडलेले पेट्रोल इंजिनाला मानवत नाही. मुंबईच्या दमट हवेत तर ब्रेकच्या लोखंडी डिस्कवर आठवड्याभरात तांबूस गंज धरतो. तेल न फिरल्याने इंजिनाची रबरी सील सुकतात आणि एके दिवशी गाडीखाली काळा डाग दिसतो.

यावर काही मालक आठवड्यातून एकदा गाडी चालू करून पाच मिनिटे जागेवर तापवतात. त्याने भले होत नाही. इंजिनातले पाणी लवकर तापते, पण तेल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. गार तेलात पेट्रोलचा आणि पाण्याचा अंश साचत राहतो आणि तो उडून जायला इंजिन नीट तापून काही वेळ चालावे लागते. गाडीला हवी असते अर्ध्या-पाऊण तासाची खरी फेरी. पहिली काही मिनिटे हलक्या पायाने, तेलाचा काटा वर आल्यावर मोकळेपणाने.

ट्रॅफिकमध्ये काय होते

‘ट्रॅफिकमध्ये अशी गाडी मरते’ हा समज सगळाच खोटा नाही. तो जुन्या गाड्यांच्या अनुभवातून आला आहे. फेरारीने १९९७ साली एफ-३५५मध्ये स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय दिली. आत क्लच मात्र नेहमीचा एकच होता, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबत असे. गर्दीत गाडी सरपटवत नेली की हा क्लच घासत राहायचा आणि फार लवकर संपायचा. बिल पाहून मालकाचे डोळे पांढरे व्हायचे. पुढे दोन क्लच असलेले, तेलात बुडून थंड राहणारे गिअरबॉक्स आले. पोर्शे आणि फेरारी दोघींनी रस्त्यावरच्या गाड्यांत ते २००८च्या सुमारास आणले आणि गर्दीतला प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला.

तरीही एक सवय लावून घ्यावी लागते. दोन-दोन फुटांनी पुढे सरकत राहायचे नाही. पुढे एका गाडीपुरती जागा होऊ द्यायची आणि मग ब्रेक सोडून एका दमात पुढे जाऊन थांबायचे. त्याने क्लच पूर्ण जोडला जातो, घासत राहत नाही. मुंबईत ही जागा मोकळी ठेवली की रिक्षा घुसते हे खरे. घुसू द्यावी. रिक्षा दोन सेकंदांत पुढे जाईल, क्लच मात्र वर्षानुवर्षे टिकेल.

सांभाळण्याच्या खर्चाची भीतीही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. फेरारी आपल्या नव्या गाड्यांना सात वर्षांची नियमित देखभाल गाडीच्या किमतीतच देते. १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२०पासून इंडियन ऑइलच्या मुंबई-पुण्यातल्या निवडक पंपांवर मिळू लागले. ज्या गोष्टींसाठी पूर्वी मालकाला वणवण करावी लागे, त्या आता शहरात उपलब्ध आहेत.

दहा सेंटिमीटरचा प्रश्न

आपल्याकडची खरी अडचण रस्त्यावर आहे, आणि ती दहा सेंटिमीटरची आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, आणि पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळासारखी अलगद वळलेली. गाडीने ताशी २५ किलोमीटरने त्यावरून सहज जावे, हा हेतू. आता गणित करून पाहू. स्पोर्ट्स कारच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.६ मीटर अंतर असते. दोन्ही चाके या उंचवट्यावर चढली की मधला फुगवटा पोटाकडे फक्त पाचेक सेंटिमीटर येतो. पुढचे चाक गतिरोधकाच्या काठाला लागते, त्या क्षणी चाकाच्या एक मीटर पुढे असलेल्या नाकाखाली सुमारे आठ सेंटिमीटर उंचवटा असतो. अशा गाड्यांचे पोट जमिनीपासून बहुधा दहा-बारा सेंटिमीटरवर असते. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून बहुतेक स्पोर्ट्स कार न घासता जाऊ शकतात.

मग गाडी घासते कुठे? सोसायटीच्या दारात सिमेंटची पाटी ओतून रातोरात उभ्या केलेल्या अरुंद उंच बांधाला. डांबराचा ढीग टाकून केलेल्या गावाबाहेरच्या उंचवट्याला. पांढरे पट्टे नसलेल्या, अंधारात न दिसणाऱ्या आडव्या रेघेला. असा बांध समोर आला की चालक काय करतो हे पाहण्यासारखे आहे. तो आधी बटण दाबतो. बऱ्याच गाड्यांत नाक चार-पाच सेंटिमीटर वर उचलायची सोय असते आणि काही क्षणांत पुढचा भाग उठतो. शेव्हरोले कॉर्व्हेट तर अशा हजार जागा उपग्रहाच्या मदतीने लक्षात ठेवते आणि तिथे आपोआप नाक वर करते. मग चालक गाडी तिरकी घालतो. एक चाक चढते, ते उतरता उतरता दुसरे चढते, चारही चाके एकेक करून पार होतात आणि पोट बांधाच्या माथ्यावर कधीच सरळ आडवे येत नाही. मागचे वाहन हॉर्न वाजवते. चालक खिडकीतून हात दाखवतो. पुढच्या दोनशे मीटरवर दुसरा बांध असतो.

म्हणून भारतात या गाड्या घेणारे अनेकजण उंच गाडीकडे वळले. लॅम्बोर्गिनीने २०१८ साली उरुस आणली, फेरारीने २०२२ साली पुरोसांग्वे. त्यांची निवड मला समजते. पण बेकायदा बांधांना शरण जाऊन गाडीच बदलायची, हा तोडगा नाही. जो बांध दीड कोटीच्या गाडीचे पोट घासतो, तोच बांध रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचा मणका हादरवतो आणि अंधारात दुचाकीवाल्याला पाडतो. नियमाचे गतिरोधक ही श्रीमंतांची मागणी नाही. ती प्रत्येक रस्त्याची गरज आहे.

पावसाचेही नियम आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले की पिस्टन दाबायला जातो आणि पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपते. बुटक्या गाडीला हा धोका अधिक. त्यामुळे साचलेल्या पाण्याची खोली कळत नसेल तर पुढे घालू नये. पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. आणि विम्यात इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले असावे. एरवी पावसात गाडी चालवायला काहीच हरकत नाही. उलट चांगले टायर आणि चांगले ब्रेक पावसातच उपयोगी पडतात.

पैसा आणि भीती

आपल्याकडे ही गाडी झाकून ठेवली जाते याचे मोठे कारण तिची किंमत. परदेशातून तयार होऊन येणाऱ्या महाग गाडीवर वर्षानुवर्षे शंभर टक्के किंवा त्याहून अधिक आयातकर लागत आला आहे. त्यावर जीएसटी. त्यावर राज्याचा एकरकमी वाहनकर, ज्याची कमाल मर्यादा महाराष्ट्राने जुलै २०२५पासून २० लाखांवरून ३० लाख केली. जर्मनीतला दंतवैद्य ज्या गाडीने दवाखान्यात जातो, ती इथे येईपर्यंत फ्लॅटच्या किमतीची होते. फ्लॅटच्या किमतीची वस्तू गर्दीत न्यायला माणूस कचरतो, हे स्वाभाविक आहे.

करांचा परिणाम लोकांच्या आठवणीतही आहे. २००२ साली सचिन तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर, फेरारीचा फॉर्म्युला वन चालक मायकेल शुमाकर याच्या हस्ते. तिच्यावरचे सीमाशुल्क माफ करण्यावरून देशभर वाद झाला आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. गाडीपेक्षा तिच्या कराची चर्चा मोठी झाली.

तरी हिशेब नीट मांडला पाहिजे. गाडीची किंमत ती घेतल्या दिवशी खर्च झालेली असते. पुढे ती चालली तरी तिचे मोल उतरते आणि उभी राहिली तरी बहुधा उतरतेच, शिवाय उभ्या गाडीचे टायर, बॅटरी, सील आणि विमा यांचा खर्च चुकत नाही. दरवर्षी पाचशे किलोमीटर चालवणारा मालक प्रत्येक किलोमीटरला जी किंमत मोजतो, ती पाहिली तर काटकसर म्हणून गाडी झाकून ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. हौसेला मोल नसते हे खरे, पण हौस भोगली तरच.

स्टीअरिंगवर कोण आहे?

या विषयावर मराठीत लिहिताना १९ मे २०२४ची पहाट वगळून पुढे जाता येणार नाही. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे टायकानने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि तो दारू प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. त्याला जामीन देताना निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि सारा महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्त होता. दोन घरे उद्ध्वस्त झाली आणि त्याची भरपाई कशानेही होत नाही.

तेव्हापासून ‘अशा गाड्या रस्त्यावर हव्यातच कशाला’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रश्न गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर द्यायला हवे. साडेतीन सेकंदांत शंभरचा वेग गाठणारी गाडी तेवढ्या वेळात जेमतेम पन्नास मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एका इमारतीच्या फाटकापासून शेजारच्या इमारतीच्या फाटकापर्यंत. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. हे आकडे ज्याला अंगी भिनलेले नाहीत, त्याच्या हातात ही किल्ली जाता कामा नये, मग घरात कितीही पैसा असो.

पण गाडी झाकून ठेवणे हा त्यावरचा इलाज नाही. एरवी बंद असलेली गाडी एका रात्री बाहेर काढून रिकाम्या रस्त्यावर पिळायची, ही सवय सर्वात घातक. त्या चालकाला गाडीचे वजन, तिचे ब्रेक, तिचे कडक झालेले टायर, काहीच ओळखीचे नसते. तीच गाडी घेऊन जो रोज शाळेच्या दारात थांबतो, सिग्नलला उभा राहतो, पावसात घरी येतो, त्याला तिची ताकद कधी वापरायची नाही हे आधी कळते. पूर्ण वेग हवाच असेल तर त्याची जागा ट्रॅक आहे. चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला असे ट्रॅक आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, अटल सेतूवर कारची मर्यादा १०० आहे, समृद्धी महामार्गावर १२०. या आकड्यांच्या आत राहूनही चांगल्या स्टीअरिंगचा, चांगल्या ब्रेकचा आणि चांगल्या इंजिनाचा आनंद पुरेपूर मिळतो. एनएसएक्सने पस्तीस वर्षांपूर्वी दाखवून दिलेली गोष्ट हीच होती.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा जे घेणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. घेण्याआधी तिच्या वेगाचा आकडा बाजूला ठेवा. आपल्या इमारतीच्या उतारावरून ती निघते का, मागचे नीट दिसते का, डिकीत दोन पिशव्या मावतात का आणि शहरात तिचा जाणता मेकॅनिक आहे का, एवढे आधी पाहा. या चार प्रश्नांना होकार नसेल तर ती गाडी घेऊ नका. होकार असेल तर घ्या, टायर वेळेवर बदला, तेल तापल्याशिवाय पाय दाबू नका, दारू प्यायल्यावर चालवू नका आणि अल्पवयीन मुलांच्या हाती किल्ली देऊ नका. आणि सोमवारी सकाळी पांघरूण काढून तिच्यातूनच कामावर जा.